खदानीचं कुंड होताना

आमचं गाव धुळे आणि जळगाव यांच्या मधोमध आहे. धुळ्याच्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, ते जळगावकडे आलं. जळगावचा माणूस म्हणतो, ते धुळ्याकडे राहिलं. मी बरीच वर्षं जळगावात कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आहे, आणि आजही एसटीत गावाचं नाव सांगितलं की कंडक्टर एकदा माझ्याकडे बघतो आणि एकदा तिकिटाच्या मशीनकडे. मशीनमध्ये गाव सापडलं की त्याला माझ्यापेक्षा जास्त आनंद होतो.

तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे, असं कोणी विचारलं तर पूर्वी आम्ही खरं ते सांगायचो. एक खड्डा आहे.

खड्डा मोठा आहे, हे मात्र मान्य करावं लागेल. गावाच्या उगवतीला काळ्या दगडाची खदान होती. शुद्ध मराठीत खाण म्हणतात, पण आमच्याकडे खदानच. भुसावळपासून पार सुरतेकडे जाणाऱ्या रुळांखाली जी गिट्टी पसरलेली दिसते, त्यातली बरीचशी आमच्या खदानीतली. आमची माणसं फार लांब कधी गेली नाहीत, दगड मात्र गुजरातपर्यंत जाऊन पोचला. पुढे दगडाखाली पाणी लागलं, उपसून उपसून ठेकेदार थकला आणि निघून गेला. खड्डा भरला. त्यात म्हशी बसायला लागल्या. तेव्हा मी कॉलेजात होते.

खदान गेली, पण तिच्या सवयी गावात राहिल्या. आमच्या गावातली माणसं एकमेकांशी बोलतात तेव्हा बाहेरच्याला वाटतं, भांडण चाललंय. तसं नसतं. दगड फोडणाऱ्या क्रशरच्या घरघरीत बोलून बोलून आवाज तिथेच अडकले आहेत. प्रत्येक घराच्या भिंतीला तडा आहे. सून पाहायला आलेले पाहुणे तड्याकडे बघायला लागले की घरचे म्हणतात, तो जुना आहे, वाढत नाही.

सगळ्यात चिवट सवय दुपारची. सुरुंग दुपारी उडायचे, कारण त्या वेळी मजूर तसेही भाकरी खायला वर येत. आधी भोंगा व्हायचा. भोंगा म्हणजे हातानं दांडा फिरवून वाजवायचं यंत्र, आधी कण्हायचं आणि मग किंचाळायचं. तो ऐकला की बायका हातातलं टाकून भांड्यांवर झाकणं ठेवायच्या, कारण छपरातून माती पडायची. माणसं खाटेखाली शिरायची, नाहीतर दाराच्या चौकटीत उभी राहायची, कारण एखादा दगड वाट चुकून गावात यायचा. शाळेत आम्ही बाकांखाली आणि गुरुजी टेबलाखाली. गुरुजींचं पोट मोठं होतं, त्यामुळे ते टेबल त्यांच्या पाठीवर बसल्यासारखं दिसायचं.

मग धडाका व्हायचा. पण धडाका झाला म्हणून बाहेर यायचं नाही, हा गावाचा पहिला नियम. एखादा सुरुंग न फुटता तसाच दडून राहिलेला असू शकतो. आणि भोंगा होऊनही धडाकाच झाला नाही तर त्याहून वाईट, मग कोणी हात-पायसुद्धा हलवायचा नाही. खदानीच्या काठावर मजुरांच्या खोल्यांची एक रांग होती, तिला लाइन म्हणत. लाइनीतली माणसं आधी खाली उतरायची, सगळी भोकं तपासायची, आणि मग काठावरून हाक यायची. “मोकळं शे!” मोकळं आहे, म्हणजे खाली कोणी अडकलेलं नाही, काही फुटायचं राहिलेलं नाही, आता जगायला हरकत नाही. ही हाक आल्याशिवाय गावातला सरपंचसुद्धा खाटेखालून बाहेर येत नसे. एरवी लाइनीतल्या माणसांना ओट्यावर बसू न देणारे लोक दिवसातून एकदा तरी त्यांच्या हाकेची वाट बघत जमिनीवर पालथे पडलेले असायचे. मला लहानपणी याची फार गंमत वाटायची. अजूनही वाटते.

मी लाइनीतलीच. आमची सगळी लाइन बौद्धांची, टोकाला पत्र्याचं छोटं विहार आणि त्यावर निळा झेंडा. आता तिथे थोडीच घरं नांदती आहेत, आणि त्यातल्या पहिल्या खोलीत माझी आत्या राहते. तिला सगळं गाव अक्का म्हणतं. कथेत असते तशी प्रेमळ म्हातारी डोळ्यांपुढे आणू नका. ती मशेरी लावते, पत्त्यांत लबाडी करते, टीव्हीवरच्या सुनांना शिव्या देते आणि मी गेले की पहिल्यांदा माझ्या साडीला नावं ठेवते. मोकळं शे ही हाक तिची होती. तिचा नवरा खाली उतरून भोकं तपासायचा, वर बघून गमछा हलवायचा, आणि ही काठावरून ओरडायची. तिच्या आवाजाला भोंग्याची गरज नव्हती असं जुने लोक म्हणतात. मी तिच्याकडे चार दिवस राहिले की मलाही ते पटतं.

एके दुपारी गमछा हलला नाही. खाली एक राहिलेला सुरुंग उशिरा फुटला. अक्का काठावर उभी होती, तिनं सगळं पाहिलं, आणि तरीही तिनं हाक दिली, कारण गाव खाटेखाली वाट बघत होतं. “मोकळं नही शे!” ती हाक मी ऐकली आहे. मी तेव्हा शाळेत, बाकाखाली होते. त्यानंतर ऊन उतरेपर्यंत गावात कोणी हललं नाही, चुली तशाच विझल्या.

नंतर ठेकेदार आला आणि अक्काला म्हणाला, ही खोली आता तुझी, तुला कोणी उठवणार नाही. तोंडी. नवऱ्याच्या बदल्यात एक खोली, तीही तडा गेलेली. पण तिची तेवढीच मिळकत, आणि त्या खोलीवरचा तिचा हक्क असा थेट त्या खदानीतून आलेला आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर मागच्या हिवाळ्यात मला अध्यक्षांचा फोन आला. आमच्या गावात आता नगरपंचायत झाली आहे, म्हणजे रस्ते तेच, फक्त खड्डे शहरी झाले. अध्यक्ष शाळेत माझ्या वर्गातले, केळीच्या वेफर्सचा कारखाना आहे त्यांचा. म्हणाले, “ताई, गाव पर्यटनस्थळ करायचं ठरलंय. तुम्ही मराठीच्या. गावाचा इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळं असं छान लिहून द्या. मोठा बोर्ड लावायचाय.”

मला हसू आलं, पण बरंही वाटलं. मी मनापासून लिहिलं. खदान, भोंगा, झाकणं, गिट्टी फोडणाऱ्या बायका, मोकळंची हाक. अक्काच्या नवऱ्याबद्दलही लिहिलं. अध्यक्षांनी वाचलं आणि पुन्हा फोन केला.

“ताई, फार सुंदर. डोळ्यांत पाणी आलं. फक्त खदान काढा.”

“खदान काढली तर उरतं काय?”

“कुंड,” ते म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. खदान बघायला कोण येतं? आणि तीर्थक्षेत्र असल्याशिवाय निधी येत नाही. तेव्हा समितीनं असं ठरवलं होतं की प्राचीन काळी एक ऋषी इथे आले, त्यांना तहान लागली, त्यांनी दंड आपटला आणि एका रात्रीत कुंड झालं. मी विचारलं, कोणते ऋषी? ते म्हणाले, त्याबाबत समितीत दोन मतं आहेत, तूर्तास महर्षी एवढंच ठेवू. मी म्हटलं, बिनानावाच्या ऋषीला जे एका रात्रीत जमलं, त्याला आमच्या लाइनीला दोन पिढ्या का लागल्या? ते म्हणाले, “ताई, तुम्ही फारच मनाला लावून घेता बुवा.” मी लिहायला नकार दिला. त्यानं काही अडलं नाही, इतिहास लिहायला गावात शिक्षक लागतोच असं नाही.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा अध्यक्षांनी मला स्वतः फिरवून आणलं. माझी नाराजी दूर करायची होती. पहिलं स्थळ, ऋषींच्या दंडाचे ठसे. काठावरच्या खडकात गोल भोकं आहेत, सगळी एका मापाची, एका सरळ रेषेत, सारख्या अंतरावर. सुरुंगासाठी पाडलेली. ऋषी फारच शिस्तीचे असले पाहिजेत, मी म्हटलं. अध्यक्ष गंभीरपणे हो म्हणाले.

दुसरं स्थळ, ध्यानगुंफा. गावापासून लांब, जाड भिंतींची, बिनखिडकीची एक कोठडी. ठेकेदार तिच्यात सुरुंगाची दारू ठेवायचा. तिला भगवा रंग दिला होता, पण घाईत एकच हात मारला होता. त्यातून आतली जुनी लाल अक्षरं दिसत होती, ‘धूम्रपान सक्त मनाई’. मी म्हटलं, “महर्षींना चिलीम वर्ज्य होती वाटतं.” अध्यक्षांनी तिथेच रंगाऱ्याला फोन लावून दुसरा हात मारायला सांगितलं.

तिसरं स्थळ, नादबिंदू. काठावरच्या एका चौथऱ्यावर उभं राहून ओरडलं की समोरच्या कड्यावरून आवाज परत येतो. अक्का तिथूनच हाक द्यायची. आता तिथे स्टीलचं रेलिंग आणि मोठ्ठं लाल बदाम होतं, सेल्फी काढायला. एक नवं जोडपं त्या बदामात डोकी घालून उभं होतं. त्यातल्या मुलीनं नवऱ्याचं नाव मोठ्यानं हाकारलं, आणि पलीकडून म्हैस ओरडली.

इथपर्यंत मी हसत होते. गावोगावी हेच चाललंय, आपलंही चालू दे, असं म्हणून सोडूनही दिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काच्या दारात घंटागाडी आली. आमच्याकडे नगरपंचायतीची कचऱ्याची गाडी स्वच्छतेचं गाणं वाजवत येते आणि गाण्याच्या मध्येमध्ये सूचना सांगते. पाणीपट्टी भरा, ओला-सुका वेगळा करा. त्या दिवशी नवी सूचना होती. पवित्र कुंडाच्या परिसरातील अतिक्रमणधारकांनी सुशोभीकरणासाठी जागा तात्काळ मोकळी करावी. आणि लगेच पुन्हा गाणं.

मला कळायला एक क्षण लागला. खदान असती तर लाइन खदानीच्या मजुरांची झाली असती. पण खदान नव्हतीच, कुंड होतं, तर कुंडाच्या काठावर ही माणसं कुठून आली? अतिक्रमण. एका ऋषीच्या दंडानं अक्काची खोली, तिचा नवरा आणि तिची सगळी हयात एका फटक्यात बेकायदा झाली. मला इतका राग आला की मी अनवाणीच नगरपंचायतीत निघाले. अक्कानं मला हाताला धरून बसवलं आणि स्वतः गेली. मी मागून गेले.

अध्यक्षांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला, पाया पडले. वाईट माणूस नाही तो, हे मला कबूल करावं लागेल, फक्त निधी दिसला की त्याला माणसं दिसत नाहीत. म्हणाला, अक्का, तुमची सोय दुसरीकडे करू, बघू काहीतरी. अक्का चहा प्यायली, बशी खाली ठेवली आणि म्हणाली, “काय रे भाऊ, तठे खदान नव्हती म्हणस. मंग मन्हा नवरा काय ऋषीना शापमा मरना का?”

अध्यक्ष म्हणाले, “अक्का, तसं नही. पन आते कागदवर कुंड शे ना.”

“कागदवर,” अक्का म्हणाली आणि उठली. परत येताना तिनं माझ्या साडीलासुद्धा नावं ठेवली नाहीत. ती घाबरली होती. मी तिला तसं पहिल्यांदाच पाहत होते.

बोर्डाच्या अनावरणाला मी गेले ते भांडायलाच. मनात भाषण तयार होतं, बरंच अलंकारिक. मांडव काठावर घातला होता. एका बाजूला पडद्याखाली बोर्ड, मधे मंच, दुसऱ्या बाजूला आचारी. भरिताची वांगी भाजून झाली होती, कळण्याच्या भाकरीची रास लागली होती, ठेच्याच्या वासानं पुढच्या रांगेतले लोक शिंकत होते. अनावरण सकाळी होतं. प्रमुख पाहुणे सकाळी येणारे नव्हतेच, ते मोठे होते. त्यांच्या तीन गाड्या आल्या तेव्हा सूर्य डोक्यावर होता आणि भाषणं ऐकून गाव पार वाळलं होतं.

मांडव, माइक, फुलं हे सगळं जळगावच्या एका डेकोरेटरकडे दिलेलं. हौशी माणूस. त्याला नगरपंचायतीच्या गोदामात एक जुनं यंत्र सापडलं होतं, त्याला त्यानं रंग दिला, तेल दिलं आणि ठरवलं की पाहुणे दोरी ओढतील त्या क्षणी हे वाजवायचं, म्हणजे काहीतरी दणक्यात होईल. त्यानं कोणाला विचारलं नाही. तो जळगावचा, त्याला काय माहीत.

पाहुण्यांनी दोरी हातात घेतली. अध्यक्ष कॉर्डलेस माइकवर म्हणत होते, “या पवित्र, या पुरातन, या महर्षींच्या पदस्पर्शानं...” आणि मांडवामागे भोंगा कण्हला. मग किंचाळला.

ऐन दुपारची वेळ, खदानीचा काठ आणि तोच भोंगा. मी खोटं सांगत नाही, अख्खं गाव दिसेनासं झालं. खुर्च्या उपड्या झाल्या आणि त्यांच्याखाली माणसं गेली. आचाऱ्यांनी भरितावर, आमटीवर, पाण्याच्या पिंपांवर झाकणं टाकली, झाकण उरलं नाही तिथे ताटं टाकली, आणि मग स्वतः टेबलाखाली शिरले. ज्यांनी आयुष्यात कधी भोंगा ऐकला नव्हता ती तरणी पोरं आया पडल्या म्हणून पडली. नगरपंचायतीची पूर्ण समिती, जिच्या मते इथे कधी खदान नव्हती, ती मंचाखाली गेली. पाहुण्यांच्या अंगरक्षकानं हे बघितलं, त्याला वाटलं असेल की हल्लाच आहे, त्यानं पाहुण्यांना उचलून सोफ्यामागे आडवं केलं. मी भांडायला आले होते ना? मी प्लास्टिकच्या खुर्चीखाली होते, डोक्यावर कागदी पत्रावळ धरून. एम. ए. मराठी.

एकटा डेकोरेटर उभा होता, हातात भोंग्याचा दांडा. त्यानं विचारलं, “काय झालं?” दोघांनी खालूनच त्याला आडवं हो अशी खूण केली.

कारण धडाका झाला नव्हता. आणि भोंगा होऊन धडाका न होणं म्हणजे काय, हे आमच्या गावाला सांगावं लागत नाही. कोणी हललं नाही. एकानं डोकं वर काढलं तर त्याच्या बायकोनं ते खाली दाबलं. पाहुण्यांचा स्वीय सहायक सोफ्यामागून विचारत होता, आता कशाची वाट बघायची? शेजारच्या टेबलाखालून एक म्हातारा म्हणाला, “हाकनी.” हाकेची वाट बघायची.

आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं. सगळ्यांनी, पालथं पडल्या पडल्या, माना लाइनीकडे वळवल्या.

पहिल्या खोलीच्या दारात अक्का बसली होती. ती आत गेली नव्हती, कुठे लपली नव्हती. हाक देणारा लपत नसतो. ती मशेरी लावत होती आणि मांडवाकडे बघत होती. पण हाक देत नव्हती.

ऊन तापलं. मांडवाखाली कुजबुज सुरू झाली, अक्का, ओ अक्का. अक्कानं चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं. शेवटी मंचाखालून अध्यक्षांचा आवाज आला. माइक त्यांच्या हातातच होता आणि चालू होता, त्यामुळे त्यांची धाप कर्ण्यातून सगळ्या खदानीवर घुमली आणि समोरच्या कड्यावरून परत आली.

“अक्का! मोकळं सांग ना वं!”

अक्का बसल्या जागेवरून बोलली. तिला माइक लागत नाही. “कसानं मोकळं? तठे ते कुंड शे ना. ऋषीनी एक रातमा खंदेल शे. कुंडमा सुरुंग कोठून ऊना?”

कुंडात सुरुंग कुठून आला, हे ऐकून मांडवात कोणीतरी खुदकन हसलं. अध्यक्ष माझ्या वर्गातले, मी त्यांना ओळखते. त्यांना डोक्यानं ठाऊक होतं की इथे सुरुंग नाही. पण गुडघ्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते गुडघ्यांवर होते.

“अक्का,” ते म्हणाले, “खदान व्हती. बठ्ठासले माहीत शे. आते तरी सांग.” बठ्ठासले, म्हणजे सगळ्यांना.

व्हती, व्हती, असं कड्यानं दोनदा परत सांगितलं. नादबिंदूचा एवढा उपयोग त्याआधी कोणी केला नव्हता.

“आनि आम्हनी लाइन?”

“लाइन बी शे. खदाननी लाइन शे. तुन्हा पाया पडस, अक्का.”

अक्का उठली. तिच्या गुडघ्यांना वेळ लागतो. ती त्या लाल बदामाच्या शेजारी, रेलिंगला धरून उभी राहिली, खाली पाण्याकडे बघितलं. जिथून गमछा हलायचा तिथे बघत असावी, मला माहीत नाही, मी विचारलं नाही. मग तिनं हाक दिली. “मोकळं शे!” इतक्या वर्षांनी. मी खुर्चीखाली रडले, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

गाव उठलं, गुडघे झटकले, भरितावरची झाकणं निघाली. पाहुण्यांनी केस सारखे केले आणि भाषणात ‘आपल्या या ऐतिहासिक खाणीच्या काठावर’ असं म्हणून गेले, कारण तेवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं होतं. तोपर्यंत सगळा प्रकार धुळ्यापासून जळगावपर्यंत मोबाइलवर पोचला होता. आमचं गाव नक्की कुठे आहे, हे त्या दिवशी दोन्ही जिल्ह्यांना कळलं.

समितीनं मग मध्यम मार्ग काढला. बोर्डावर आता ‘ऋषिकालीन खदान’ असं लिहिलेलं आहे. म्हणजे ऋषी आले, आणि त्यांनी गिट्टी फोडली. ध्यानगुंफेला दुसरा हात अजून मारलेला नाही. माझं भाषण माझ्याकडेच राहिलं, आता ते नापास मुलांना शिक्षा म्हणून वाचायला देता येईल.

एवढ्यानं सगळं निस्तरलं असं समजून मी दुसऱ्या दिवशी परतीची पिशवी भरत होते, तेवढ्यात घंटागाडीचं गाणं ऐकू आलं. सूचना बदलायची हे कोणाच्या लक्षातच नव्हतं, की होतं आणि बदलायची नव्हती, देव जाणे. अतिक्रमणधारकांनी जागा तात्काळ मोकळी करावी. अक्का बाहेर आली, कचऱ्याची बादली खाली ठेवली आणि गाडीच्या समोर जाऊन उभी राहिली.

“जागा मोकळी शे का नही,” ती म्हणाली, “ते मी सांगसू.”

आणि काठाकडे तोंड करून, पूर्ण आवाजात, गावानं आयुष्यात एकदाच ऐकलेली ती हाक तिनं दुसऱ्यांदा दिली. “मोकळं नही शे!”

चालकानं गाणं बंद केलं, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगखाली वाकून बसला. आमच्याच गावचा होता.